बावन्न मुलं, एक मोबाइल आणि पस्तीस मिनिटांचा तास

पत्र: मी भांडुपच्या एका अनुदानित मराठी शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. वर्गात ५२ मुलं, एका बाकावर दोघं. तास ३५ मिनिटांचा. विद्यार्थीकेंद्रित अध्यापन आणि वेब टूल्स यांचं प्रशिक्षण झालं, म्हणून उत्साहानं ‘बल व दाब’ या पाठाला आठ-नऊ मुलांचे सहा गट केले आणि ‘दाबाविषयी चर्चा करा’ असं सांगितलं. पाच मिनिटांत शेजारच्या वर्गातल्या बाई दारात उभ्या! पुढच्या आठवड्यात सहकाऱ्यांचे सहा मोबाइल मागून कहूट ही मोबाइलवरची प्रश्नमंजुषा घेतली. अर्ध्यात नेट गेलं, आणि तोवरही नेहमीची चार मुलंच ओरडून उत्तरं देत होती. पर्यवेक्षक म्हणाले, असं करत बसलात तर पोर्शन कधी संपणार? मला पुन्हा नुसतं लिहून देण्याकडे वळायचं नाही, पण नेमकं कुठे चुकतंय तेही कळत नाही.
— एक शिक्षिका, भांडुप

बाई, नमस्कार.

गोंगाटाचं मूळ तुमच्या सूचनेत आहे. ‘दाबाविषयी चर्चा करा’ या वाक्याला शेवट नाही. चर्चा कधी संपली हे मुलांना कळणार कसं, आणि संपल्यावर हातात काय असायला हवं, हेही त्यांना सांगितलेलं नाही. त्यात गट आठ-नऊ जणांचा. अशा गटात दोघं-तिघं बोलतात, एक जण लिहितो आणि उरलेली चार-पाच मुलं रिकामी राहतात. सहा गटांतली मिळून पंचवीस-तीस मुलं बिनकामाची! शेजारच्या बाई दारात येणारच.

गट चौघांचाच करा. पुढच्या बाकावरच्या दोघांनी मागे वळायचं, बस. बाक हलवायचे नाहीत, कारण फरशीवर घासणाऱ्या बाकांचा आवाजच निम्मा गोंगाट असतो. तुमच्या वर्गात असे बरोबर १३ गट होतात. रोज काही मुलं गैरहजर असतील. तिघांचा गट छान चालतो, पाचांचा शक्यतो टाळा. गटाला एकच कागद, एकच पेन, एकच प्रश्न आणि तीन मिनिटं द्या. वेळ फळ्यावर घड्याळातली लिहा: ‘११.२० पर्यंत’. ‘पाच मिनिटं देते’ असं म्हटलं की ती पाचाची आठ कधी होतात कळत नाही. घड्याळातली वेळ लिहिली की मुलंच एकमेकांना आवरतात. शांत होण्याची खूण एकच ठेवा. तुम्ही हात वर केला, की ज्याला दिसेल त्यानं हात वर करायचा आणि बोलणं थांबवायचं. पहिल्या आठवड्यात या खुणेचा रोज दोन मिनिटं नुसता सराव घ्या. गोंगाटावर ओरडू नका. तुमचा आवाज चढला की मुलांचा आणखी चढतो.

पण पहिले पंधरा दिवस चौघांचे गटही नकोत. बाकावरच्या जोडीपासून सुरुवात करा. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठातले फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडलेली ‘थिंक-पेअर-शेअर’ ही पद्धत प्रशिक्षणात ऐकली असेलच: आधी एकट्यानं विचार, मग जोडीदाराशी बोलणं, मग वर्गाला सांगणं. वर्गात बहुतेक वेळा यातली पहिली पायरी गळते. प्रश्न विचारला की लगेच ‘आता शेजाऱ्याशी बोला’ म्हणतो आपण. मग ज्याला येतं तो सांगतो, दुसरा माना डोलावतो. पहिलं एक मिनिट पूर्ण शांततेचं हवं आणि त्या मिनिटात प्रत्येकानं वहीत काहीतरी लिहिलेलं हवं, मग ते चूक का असेना. तुमच्या ‘त्या चार मुलांचा’ प्रश्न निम्मा इथेच सुटतो, कारण ती ओरडण्याआधी उरलेल्या ४८ जणांचं उत्तर वहीत उतरलेलं असतं.

उरलेला निम्मा प्रश्न तुमच्या थांबण्याचा आहे. मेरी बड रो या संशोधिकेनं वर्गातल्या प्रश्नोत्तरांच्या ध्वनिफिती तपासल्या, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात असं दिसलं. तीन सेकंद किंवा जास्त थांबल्यावर उत्तरं लांब आली आणि एरवी गप्प असणारी मुलं बोलू लागली. मनात ‘एक हजार एक, एक हजार दोन’ असं मोजा. तीन सेकंद वर्गात फार मोठी वाटतात, सवय होईपर्यंत अवघडल्यासारखं होतं. कोणी बोलायचं ते हात वर करण्यावर सोडू नका. ‘खिडकीकडे बसलेल्यानं सांगायचं’ असं म्हणा, किंवा हजेरी क्रमांकाच्या चिठ्ठ्या डब्यात ठेवून काढा. ज्याला जमत नाही त्याला एकदा ‘पुढे’ म्हणायची मुभा द्या, पण दोन उत्तरांनंतर त्याच्याकडे परत या आणि ‘आत्ता ऐकलेल्यापैकी तुला कोणतं पटलं?’ एवढंच विचारा. आणि जोडीत मुलं हिंदीत, कोकणीत, भोजपुरीत बोलली तर बोलू द्या. मुंबईतल्या मराठी शाळेत घरची भाषा मराठीच असेल असं नाही. विचार घरच्या भाषेत होऊ दे, कागदावर मराठीत उतरू दे.

आता खरी मेहनत कुठे आहे ते सांगतो: प्रश्न तयार करण्यात. ‘दाब म्हणजे काय?’ हा पाठांतराचा प्रश्न आहे, त्यावर बोलण्यासारखं काही नाही. ज्याच्या चुकीच्या पर्यायांत मुलांचे खरे गैरसमज बसवलेत, असा प्रश्न हवा. त्याच पाठातल्या उत्प्लावक बलावरचा हा घ्या: ‘लोखंडी खिळा पाण्यात बुडतो. मग भाऊच्या धक्क्याला लागलेली लोखंडी बोट का तरंगते?’ पर्याय: (अ) समुद्राचं पाणी खारट आहे म्हणून, (ब) बोटीचं इंजिन चालू असतं म्हणून, (क) बोट आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते म्हणून, (ड) बोट आकारानं मोठी आहे म्हणून. मुलं अ आणि ड वर मोठ्या संख्येनं जातील. अ मध्ये थोडं तथ्य आहे, खाऱ्या पाण्याची घनता जास्त असतेच, पण त्यानं खिळा तरंगत नाही. ड तर अगदी जवळचं वाटतं. ‘मोठी’ आणि ‘पोकळ’ यांतला फरक मुलांच्या तोंडून बाहेर पडायला हवा, आणि तो एकमेकांशी वाद घातल्यावरच पडतो.

हा वाद कसा लावायचा याची पक्की रीत हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक मझूर यांनी १९९१ पासून बसवली. प्रश्न दाखवायचा. एक मिनिट शांतता. मग सगळ्यांनी एकाच वेळी मत द्यायचं. बरोबर उत्तरं साधारण तीस टक्क्यांहून कमी असतील तर चर्चा लावू नका. माहितीच नसलेली मुलं बोलून काय करणार? संकल्पना पुन्हा समजावा. सत्तर टक्क्यांच्या वर गेली तर दोन वाक्यांत कारण सांगून पुढे जा. मधली असतील, म्हणजे तुमच्या वर्गात साधारण १६ ते ३६ मुलं, तर ‘तुमच्यापेक्षा वेगळं उत्तर दिलेला शोधा आणि त्याला पटवा’ असं सांगून तीन मिनिटं द्या आणि पुन्हा मत घ्या. यात एक चूक हमखास होते. पहिल्या मतानंतर शिक्षक आकडे किंवा बरोबर उत्तर सांगून टाकतात. मग वाद मिटतो, मुलं बहुमताकडे सरकतात आणि दुसऱ्या मतदानाला काही अर्थ उरत नाही. पहिल्यांदा चेहऱ्यावरही काही दिसू देऊ नका.

दुसऱ्या मतानंतर प्रयोग दाखवा. पन्नास ग्रॅम क्लेची गच्च गोळी पाण्यात टाका, बुडते. तीच क्ले थापून पातळ कडांची वाटी करा, तरंगते. वजन तेच, लोखंडाचं कोडं तिथेच सुटतं. पण क्ले घेताना सावध राहा. स्टेशनरीच्या दुकानात हल्ली फोमसारखी हलकी क्ले मिळते, तिची गोळीसुद्धा तरंगते आणि सगळा तास फसतो! तेलकट, जड, जुन्या पद्धतीची क्ले घ्या आणि आदल्या दिवशी करून पाहा. कणीक आणि माती पाण्यात विरघळते. अॅल्युमिनियमचा फॉइल चुरगळला तर आत हवा अडकून तोही तरंगतो. तो वापरायचाच असेल तर घडी घालून बत्त्यानं ठोकून चपटा करा. आणि भांडं पारदर्शक हवं, नाहीतर शेवटच्या बाकाला बादलीचा काठच दिसतो.

एका प्रश्नाचं असं एक चक्र नऊ-दहा मिनिटं घेतं. ३५ मिनिटांतली पाच बसण्या-उठण्यात जातात हे धरलं, तर एका तासात दोन प्रश्न आणि मध्ये तुमचं दहा मिनिटांचं शिकवणं, एवढंच मावतं. तीन प्रश्न घ्यायचा मोह आवरा. आणि हो, त्या दहा मिनिटांत खडू-फळा खुशाल वापरा.

टूल इथे, मत गोळा करायच्या पायरीवर येतं. ते काम छातीशी धरलेल्या एक ते चार बोटांनीही होतं, आणि पहिले दोन आठवडे बोटांनीच करा. पुढे प्लिकर्स हे अॅप घ्या. यात मुलांकडे मोबाइल लागतच नाही. प्रत्येकाकडे छापील कार्ड, आणि मोबाइल एकच, तुमचा. कार्डावर काळा चौकोनी नक्षीदार कोड असतो, त्याच्या चार बाजूंना ए, बी, सी, डी अशी बारीक अक्षरं. आपलं उत्तर असलेलं अक्षर वर येईल असं कार्ड धरायचं. तुम्ही मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की अॅप सगळी उत्तरं वाचतं. प्रत्येक कार्डाची नक्षी वेगळी असल्यानं शेजाऱ्याचं पाहून नक्कल करता येत नाही.

कार्डं संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात, पण नेहमीचा संच ४० कार्डांचा आहे. तुम्हाला ६३ चा संच घ्यायला हवा. नाहीतर छापून, कापून झाल्यावर १२ मुलं बाहेर राहिल्याचं लक्षात येतं. जाड कागदावर झेरॉक्स काढा. चकचकीत लॅमिनेशन करू नका, ट्यूबलाइटचा उजेड परावर्तित होऊन कॅमेऱ्याला कोड दिसत नाही. बोटं काळ्या भागावर आली तरी कार्ड वाचलं जात नाही, म्हणून कडेला धरायला शिकवा. आपल्या पुस्तकात पर्याय अ, ब, क, ड असतात आणि कार्डावर इंग्रजी अक्षरं, त्यामुळे पहिल्या दिवशी घोळ होतो. अक्षराशेजारी पांढऱ्या जागेत पेनानं अ, ब, क, ड लिहून घ्या, काळ्या भागाला मात्र हात लावू नका. कार्डं वहीत चिकटवू नका, वही तपासायला गेली की कार्डही जातं. हजेरी क्रमांकानुसार रबर लावून तुमच्या कपाटात ठेवा आणि दर तासाला दोन मुलांकडून वाटून घ्या. क्रमांक मुलाशी जोडलेला असतो. कार्ड फाटलं तर त्याच क्रमांकाचं नवं छापा. प्रोजेक्टर असेल तर पडद्यावर क्रमांकनिहाय उत्तरांची यादी दाखवू नका. कोण चुकलं ते बावन्न जणांसमोर लागलं, की चूक करायला मुलं घाबरतात आणि पुढच्या वेळी हुशार मुलाला विचारून आपलं कार्ड वळवतात. एवढ्या कामाला मोबाइलचा हॉटस्पॉट पुरतो.

कहूटबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: संकल्पना शिकवताना ते नको. त्यात बरोबर उत्तराला हजारापर्यंत गुण मिळतात आणि जितका उशीर तितके ते कमी होतात. शेवटच्या क्षणी बरोबर उत्तर देणाऱ्याला निम्मेच. म्हणजे विचार करणाऱ्याला दंड! तुमची चार मुलं ओरडत होती, कारण खेळ वेगाचाच होता. पाठ संपल्यावर उजळणीला घ्यायचं तर प्रश्नाची वेळ ६० किंवा ९० सेकंद ठेवा आणि गुण बंद करा, तशी सोय आहे.

यापुढचा ‘धाराविद्युत आणि चुंबकत्व’ हा पाठ मात्र टूलसाठी सोन्यासारखा आहे. कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या ‘फेट’ प्रकल्पाची सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करून पाहायचे प्रयोग, यासाठी वापरा. भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी तो २००२ मध्ये सुरू केला. संकेतस्थळावर ही सिम्युलेशन्स फुकट आहेत आणि बरीच मराठीतही आहेत. घरी असताना विद्युत परिपथ जोडायचं सिम्युलेशन लॅपटॉपवर उतरवून घ्या, ते नेटशिवाय ब्राउझरमध्ये चालतं. तुमचं नेट गेल्याचं दुखणं इथे उद्भवतच नाही.

लॅपटॉप एकच आहे ना? मग माउस तुमच्या हातात नको. आधी गटानं अंदाज कागदावर लिहायचा, मग एका गटानं पुढे येऊन परिपथ जोडायचा, बाकीच्यांनी आपला अंदाज ताडून पाहायचा. अंदाज लिहिल्याशिवाय सिम्युलेशन सुरूच करू नका, नाहीतर तो नुसता सिनेमा होतो. त्यातली बॅटरी सुरुवातीला ९ व्होल्टची आणि बल्ब १० ओहमचा असतो. एक बल्ब जोडला की अॅमीटर ०.९ अँपिअर दाखवतो. दुसरा एकसर जोडल्यावर किती? बरीच मुलं ०.९ च सांगतील, कारण ‘बॅटरी तीच आहे’. येतं ०.४५. समांतर जोडल्यावर बॅटरीतून निघणारी धारा १.८ होते, आणि इथे वर्ग खरोखर चकित होतो: बल्ब वाढवला तर धारा वाढली कशी? हा प्रश्न फळ्यावर तसाच सोडून तास संपवलात तरी चालेल. एक खोच ध्यानात ठेवा. सिम्युलेशन सुरू होताना इलेक्ट्रॉन वाहताना दिसतात, म्हणजे ऋण टोकाकडून धन टोकाकडे. पुस्तकातला बाण संकेतानुसार धनाकडून ऋणाकडे. मुलं ‘पुस्तक चुकलंय’ म्हणतात. संकेतमान्य धारा दाखवण्याचा पर्याय तिथेच आहे, तो आधी निवडून ठेवा, किंवा मुद्दाम दोन्ही दाखवून फरक बोलून घ्या. आणि शेवटी खरे दोन सेल, खरी वायर आणि टॉर्चचा बल्ब हातात द्या. सैल जोडणीमुळे बल्ब न लागणं सिम्युलेशनमध्ये शिकता येत नाही.

गृहपाठासाठी गुगल फॉर्म वापरणार असाल तर आधी कोणाच्या घरी मोबाइल कधी उपलब्ध असतो ते विचारा, आणि ते चिठ्ठीवर विचारा. हात वर करायला लावू नका. ज्याच्याकडे नाही त्याला वर्गासमोर उघडं पाडल्यासारखं होतं. बऱ्याच घरांत एकच मोबाइल असतो आणि तो रात्री नऊनंतर कामावरून घरी येतो. म्हणून तीनच प्रश्न, मुदत तीन दिवस, आणि तेच तीन प्रश्न कागदावरही. फॉर्ममध्ये ईमेल गोळा करणं आणि ‘एकदाच उत्तर’ हे दोन्ही पर्याय बंद ठेवा. ते चालू असले की लॉगिन लागू शकतं, आणि दोन भावंडांचा एकच मोबाइल असेल तर दुसऱ्याला फॉर्म भरताच येत नाही. आपोआप गुण द्यायचे तर बहुपर्यायीच प्रश्न घ्या. लेखी उत्तरात ‘विद्युतधारा’, ‘विद्युत धारा’ आणि ‘विद्युत् धारा’ ही संगणकाला तीन वेगळी उत्तरं आहेत. देवनागरी ५ आणि इंग्रजी 5 हेही वेगळे. बरोबर लिहिलेल्या मुलाला शून्य मिळालं की तो पुन्हा फॉर्म उघडत नाही. लेखी उत्तर हवंच असेल तर ते तुम्ही वाचा. मुलांना मराठी बोलून टाइप करायची सोय दाखवा.

टूलवर मुलांची नावं, फोटो, फोन नंबर टाकू नका, हजेरी क्रमांक पुरे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. दीक्षा या सरकारी शैक्षणिक अॅपचे क्यूआर कोड पुस्तकातच आहेत, पण तिथले व्हिडिओ तासाला पूर्ण लावू नका. दोन मिनिटांचा तुकडा निवडा आणि आधी एक प्रश्न द्या.

राहिला पोर्शन. पर्यवेक्षकांची काळजी खोटी नाही, वर्षाअखेरीस जबाब त्यांनाही द्यावा लागतो. आठवड्यातले दोनच तास या पद्धतीनं घ्या, तेही जिथे मुलं दरवर्षी अडखळतात त्या भागासाठी. बल, दाब, धाराविद्युत, अणूचे अंतरंग हे त्यात येतील. ‘आपत्ती व्यवस्थापन’ मुलं वाचून घेऊ शकतात. वेळ मिळवायची जागा दुसरीच आहे: स्वाध्यायाची उत्तरं फळ्यावरून उतरवून घेण्यात एका पाठाचे दोन-तीन तास सहज जातात. त्याऐवजी वहीत प्रत्येक प्रश्नाला एक पान ठेवा. वर तारीख आणि प्रश्न, डावीकडे ‘माझं पहिलं उत्तर’, उजवीकडे चर्चेनंतरचं उत्तर, खाली बदल का केला याचं एक वाक्य. पालकांना वही पूर्ण दिसते, तपासणीला पुरावा मिळतो, आणि तुम्हाला कोणाचं कुठे अडलं ते कळतं. हेच काम आकारिक, म्हणजे शिकता-शिकता चालणाऱ्या मूल्यमापनात उपक्रम-कृती आणि प्रयोग या साधनांखाली नोंदवता येतं, वेगळी नोंदवही नको. टाचणवहीत, म्हणजे तुमच्या रोजच्या पाठाच्या नोंदवहीतही प्रश्न, पर्याय आणि दोन्ही वेळचे मतांचे आकडे लिहा. पहिल्यांदा २१, दुसऱ्यांदा ४० असा आकडा पर्यवेक्षकांना कोणत्याही भाषणापेक्षा लवकर समजतो.

त्यांना एकदा तासाला बोलवाच. ६३ चा संच घेतलात तर ११ कार्डं शिल्लक राहतात. ५३ क्रमांकाचं त्यांच्या हातात द्या, शेवटच्या बाकावर बसवा, आणि बोटीच्या प्रश्नावर त्यांनाही घालू द्या शेजारच्या मुलाशी वाद.